पूजेत अडकलेलं पान

दसऱ्याच्या दिवशी सकाळी पावणेअकराला तेलगावच्या बबनरावांची इज्जत एका नारळाखाली सापडली. नारळ चांगला शेंडीवाला, पाण्याने भरलेला, हातात धरला तर लोट्याएवढा जड. सापडलं ते त्यांचं वाचायचं यंत्र. आणि त्या घडीला यंत्राच्या पडद्यावर जे पान उघडं होतं, ते बबनरावांनी कुणालाही दाखवलं नसतं. बायकोला तर मुळीच नाही.

आता बबनराव कोण, हे सांगायला हवं, नाहीतर त्यात एवढं काय घाबरायचं असं वाटेल. वय सदुसष्ट, वीस एकर बागायत, एकेकाळी सोसायटीचे चेअरमन आणि गेली सात वर्षं गावच्या तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष. मिशा अशा की त्यांच्याकडे बघूनच अर्धे तंटे मिटावेत. एकदा बांधावरून दोघं सख्खे भाऊ कुऱ्हाडी घेऊन आले, बबनराव फक्त खाकरले, तर दोघं चहा पिऊन, बशा स्वतः विसळून घरी गेले. ओट्यासमोरून जाताना पोरं मोबाईलवरची गाणी बंद करायची. हा धाक म्हणजे बबनरावांची खरी इस्टेट. उसाला पाणी कमी पडलं तरी चालेल, पण धाकाला धक्का लागता कामा नये.

महिन्यापूर्वी त्यांनी बद्रीनाथच्या आरोहीला आणि धोंडीरामच्या अंगदला समितीसमोर उभं केलं होतं. दोघांचं जमलं होतं, बापांचं जमत नव्हतं. बबनरावांनी पोरीचा मोबाईल मागून घेतला आणि तिने अंगदला धाडलेला निरोप खणखणीत आवाजात पंचवीस माणसांपुढे वाचून दाखवला. पोरगी मातीकडे बघत उभी राहिली. वर ते म्हणाले, "प्रेमबिम समदं पुस्तकात असतंय. खऱ्या दुनियेत न्हाई चालत. दसऱ्यानंतर निकाल दीन." निकाल काय असणार ते गावाला ठाऊक होतं. पुस्तकात काय असतं ते बबनरावांना इतकं नेमकं कसं ठाऊक, हे मात्र कुणी विचारलं नाही.

तर त्याचं असं झालं. दोन वर्षांपूर्वी डोळ्यांचं ऑपरेशन झालं, मोतीबिंदू गेला, पण बारीक अक्षर काही दिसेना. पुण्याला नोकरी करणाऱ्या लेकीने, वर्षाराणीने, बापासाठी हे यंत्र आणलं. दिसायला शाळेच्या पाटीसारखं, पडदा कागदासारखा, डोळ्यांवर चमकत नाही, आणि कडेकडेने बारके दिवे, त्यामुळे पान आतून उजळतं. अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं. बबनरावांनी ते पार चिंचोक्याएवढं केलं. एका पानावर सहा-सात ओळी मावायच्या. गावाने त्याचं नावच ठेवलं, उजेडाची पाटी.

लेकीने जाताना बजावलं होतं, "आण्णा, वरून दणकट दिसतं, पण आतली काच पापडासारखी पातळ हाय. हिच्यावर काय ठिवायचं न्हाई." बबनरावांनी पाटी लहान लेकरागत सांभाळली. गमछ्यात गुंडाळून न्यायचे, गमछ्यात गुंडाळून आणायचे.

वाचायचे काय? लेकीने अध्यात्माची पुस्तकं भरून दिली होती. त्यांच्या तळाशी, कशी कोण जाणे, एक प्रेमकथा होती. बबनरावांनी ती चुकून उघडली. चुकून दहा पानं वाचली. दुसऱ्या दिवशी रानात मोटारीजवळ बसून चुकून पुढची चाळीस. मग चुकायचं त्यांना व्यसनच लागलं, आणि पाटीवरच फुकट मिळणाऱ्या आणखी कथा ते चुकून उतरवून घेऊ लागले. कुणी विचारलं, "आण्णा, काय वाचायलेत?" की ते डोळे मिटून म्हणायचे, "अध्यात्म." दोन वर्षांत त्यांनी एकवीस प्रेमकथा संपवल्या आणि गावाने त्यांना जवळजवळ साधूपदाला नेऊन बसवलं.

पडद्याच्या कोपऱ्यात पहिल्यापासून एक दोष होता. पिनेच्या टोकाएवढा पांढरा ठिपका, दिवा लावला की लखलखायचा. लेक म्हणाली, "द्या, बदलून आणते." पण बदलायचं म्हणजे पाटी लेकीच्या हातात जाणार, आणि तिला ती सगळी यादी दिसणार. "ऱ्हाऊ दे," बबनराव म्हणाले, "अंगारा लावल्यागत दिसतंय." झाकली मूठ सव्वा लाखाची.

दसऱ्याच्या सकाळी ते बाविसाव्या कथेत होते. डॉक्टर आणि सुलेखा. डॉक्टर बोलायला लागला होता आणि तेवढ्यात बाहेरून युवराजने, थोरल्या लेकाने, हाक मारली, "आण्णा, ट्रॅक्टरला झेंडू कमी पडायलेत!" बबनराव पाटी गमछ्याखाली सरकवून उठले. एरवी दहा मिनिटं हात लागला नाही की पाटी आपली आपण झोपायची आणि पडद्यावर एखादं चित्र यायचं. दहा मिनिटांचाच प्रश्न होता.

पण सून दिपाली गुणाची. घरातली सगळी हत्यारं पाटावर मांडताना तिला वाटलं, विळे, कोयते, कुऱ्हाड, पान्हे, लेकरांची दप्तरं, सगळी पुजली आणि मामांची पाटी राहिली तर कसं दिसेल? तिने ती गमछ्यातून काढली, कलशाला टेकवून उभी केली, हळदीकुंकवाची बोटं ओढली. युवराज आला, नारळ दगडावर आपटायला गेला. हात ओले होते. नारळ निसटला, पाटावर एक टप्पा घेतला आणि थेट पाटीवर.

कर्रर्र. पापड मोडल्यागतच आवाज आला.

बबनराव धावत आत आले. वरच्या कोपऱ्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा उमटल्या होत्या आणि शाईचा एक डाग पसरला होता. बाकी पान ठणठणीत. दिवाही चालू, पुरता मोठा. आणि चिंचोक्याएवढ्या अक्षरांत लिहिलेलं:

"सुलेखा," तो म्हणाला, "पोळ्या करताना तू गुणगुणतेस ना, ते ऐकायला मी रोज दाराआड उभा राहतो. आज तू गप्प का? एकदा गा. नाहीतर मी आत येऊन

इथे पान संपत होतं.

दिपाली रडकुंडीला आली. "मामा, माझं चुकलं."

बबनरावांनी युवराजच्या खांद्यावरची झेंडूची आख्खी माळ ओढली आणि पाटीवर फेकली. "काय न्हाई चुकलं. देवाला वाहिलं. चला, समदे बाहेर चला." दोन वर्षांची लाडकी वस्तू फुटली आणि माणूस हूं नाही की चूं नाही! युवराजने बायकोकडे बघितलं. अध्यात्माने माणूस किती बदलतो, असं दोघांच्याही मनात आलं.

बबनराव पाटी उचलायला वाकले, तशी मंजुळाबाईंनी मागून हाक मारली, "अवो! हात लावू नका!"

मंजुळाबाई म्हणजे त्यांची बायको. शिक्षण चौथी, आवाज बारीक, पण त्या आवाजापुढे बबनरावांच्या मिशा जरा खाली यायच्या. आणि त्यांचं बरोबर होतं. त्या घरात पिढ्यान्‌पिढ्यांची रीत होती. पाटावर मांडलेलं हत्यार शिलंगण होईपर्यंत उचलायचं नाही. संध्याकाळी गावाच्या शिवेवर जाऊन सोनं लुटायचं, आपट्याची पानं घेऊन घरी यायचं, घरच्या कर्त्याने ती हत्यारांवर वाहायची आणि मगच उचलायचं. सहा वर्षांपूर्वी युवराजने दुपारीच पान्हा उचलला होता, आणि त्या वर्षी मोटार तीनदा जळाली. ही गोष्ट बबनराव स्वतःच गावभर सांगत असत.

शिलंगणाला अजून सहा तास होते. तोवर निम्मं गाव पूजेच्या पाया पडायला येणार होतं.

बबनरावांनी मोबाईल खिशात टाकला आणि कापसाच्या रानाची वाट धरली. मधोमध गेले, खाली बसले, आणि पाटीच्या खोक्यावरून उतरवून घेतलेला नंबर फिरवला.

"नमस्कार सर, मी प्रविण बोलतोय. आपल्याला काय मदत करू?"

"पाटी फुटली."

पाटी म्हणजे काय, हे समजायला त्या प्रविणला पाच मिनिटं लागली. मग त्याने विचारलं, "सर, पडद्याला काय लागलं?"

"नारळ."

पलीकडची टकटक थांबली. "म्हणजे नारळाचं पाणी सांडलं का सर?"

"पाणी बी सांडलं. पर आधी नारळ पडला. पूजेत."

"यंत्र पूजेत होतं?"

"दसरा हाय आज! तुमी तुमच्या कॉम्प्युटरची पूजा केली न्हाई का?"

"केली ना सर. पण नारळ दुसऱ्या टेबलावर फोडला."

बबनरावांनी हा टोमणा गिळला. "बरं. आता पान हलंना. बटन दाबल्यावर जाईल का?"

"नाही सर. या शाईच्या पडद्याचं असं असतं, पान बदलायला वीज लागते, पण आलेलं पान टिकायला वीज लागत नाही. आतली काच तडकली की शेवटचं पान तसंच राहतं."

"किती दिवस?"

"तसं बघितलं तर कायमचं."

"बॅटरी उतरली तर?"

"यंत्र अडकलंय, म्हणून दिवा तोवर चालूच राहील सर, मग जाईल. अक्षरं राहतील."

"उन्हात ठिवलं तर?"

"राहतील."

"हिरीत टाकलं तर?"

"सर, विहिरीत टाकू नका."

"पर टाकलं तर?"

प्रविणने जरा विचार केला. "वरिष्ठांना विचारावं लागेल. बहुतेक राहतील."

प्रविण पुढे म्हणाला, "सर, तक्रार नोंदवायला पडद्याचा फोटो लागेल. अक्षरं नीट दिसतील असा. आणि सध्या पडद्यावर काय दिसतंय ते वाचून दाखवता का?"

"ते कावून पाहिजे तुमाला?"

"किती भाग वाचता येतो ते लिहायचं असतं."

"समदा वाचता येतो!" बबनराव ओरडले. "तीच तर बोंब हाय!" आणि त्यांनी फोन बंद केला. शेजारच्या ओळीत कापूस वेचणाऱ्या बबिताने मान वर करून बघितलं आणि आण्णा जपाला बसलेत असं समजून पुन्हा खाली घातली.

दुपारभर त्यांनी पूजेची राखण केली. माणूस आला की हे आधी आत जाऊन माळ सारखी करणार, पाटीपुढे अंग आडवं घालून उभे राहणार, लांबूनच नमस्कार करायला लावणार. खाई त्याला खवखवे. एकदा घरात कुणी नाही असं बघून त्यांनी परसातून लांबलचक ऊस आणला. रीत काय सांगते, हाताने उचलायचं नाही. उसाने ढोसायचं नाही असं कुठे सांगितलंय? त्यांनी जमिनीवर पालथं पडून, एक डोळा मिटून, उसाचं टोक पाटीच्या बटणावर नेलं. दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं.

"अवो, काय करायलेत?" मंजुळाबाई दारात उभ्या होत्या.

"माशी," बबनराव पालथ्यानेच म्हणाले. "माशी बसलती."

"उसानं माशी मारायलेत?"

"मारत न्हाई. हाकलायलोय."

मंजुळाबाईंच्या चेहऱ्यावर काय होतं ते बबनरावांना खालून दिसलं नाही. "ऊस तेवढा जागेवर ठिवा," एवढंच म्हणून त्या गेल्या.

पाच वाजता हलगी वाजली आणि शिलंगणाला जावंच लागलं. गावचा मोठा माणूस, सोन्याची पहिली मूठ त्याची. माळ नीट असल्याची खात्री करून बबनराव निघाले. सुटकेचा मार्ग त्यांना दिसला होता. सोनं लुटायचं, सगळ्यांच्या आधी घर गाठायचं, दोन पानं वाहायची, पाटी उचलायची आणि ट्रंकेत टाकून वर कुलूप. मग प्रविणचे वरिष्ठ काय ते बघतील.

शिवेवर पूजा झाली. बबनरावांनी पहिली मूठ घेतली. दरवर्षी ते तिथे उभे राहायचे आणि गाव पाया पडायचं. यंदा त्यांनी मूठ घेतली आणि पाठ फिरवली. आधी भराभर चालले. मागे पावलं वाजली तसे जोरात चालले. आणि मग धोतराचा सोगा एका हातात, आपटा दुसऱ्या हातात, असे चक्क पळत सुटले.

"आण्णा पळायलेत!" कुणीतरी ओरडलं.

"कावून पळायलेत?"

"मुहूर्त असल! अध्यात्माचा माणूस हाय, त्यान्ला ठावं!"

मुहूर्त म्हटल्यावर कोण थांबतो? धोंडीराम पळाला. बद्रीनाथ पळाला. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे दोघं खांद्याला खांदा लावून पळाले. अंगद पळाला, आरोही मैत्रिणींसोबत पळाली, चप्पल हातात घेऊन बाया पळाल्या. हलगीवाला नाथा पळता पळता वाजवू लागला, आणि हलगीच्या तालाने बबनरावांचे पाय आणखी जोरात पडू लागले. सदुसष्टाव्या वर्षी ते असे पळत होते की गावातली कुत्रीसुद्धा भुंकायचं सोडून बाजूला झाली. त्यांना रडू येत होतं आणि खरं सांगायचं तर थोडं हसूही येत होतं.

ते उंबऱ्यात पोचले आणि लाईट गेली.

गावाच्या लाईटला वेळकाळ कळत नाही, हे मान्य. पण त्या संध्याकाळी तिने कहर केला. दिवेलागणीची वेळ, माजघरात काळोख आणि त्या काळोखात एकच उजेड. पाटी. माळ गायब. हळदीकुंकू पुसलेलं. चिंचोक्याएवढी अक्षरं लख्ख उभी आणि समोर शेजारच्या छबुबाई हात जोडून बसलेल्या. छबुबाईंचं वय पंच्याऐंशी, अक्षरओळख नाही.

"फुलं सुकलीवती मामा," दिपाली कोपऱ्यातून म्हणाली. "मग म्या ती काढली आन् पाटी जागच्या जागीच पुसली." तिने पदराचा बोळा तोंडात धरला होता. का धरला होता ते बबनरावांना तेव्हाच कळायला हवं होतं.

मागून गाव आत घुसलं. माजघर भरलं, ओटा भरला, खिडक्यांतून डोकी आली. बबनराव पाटीपुढे उभे राहिले, पण छबुबाईंनी त्यांचं धोतर ओढलं. "बाजूला हो बाबा. देवानं उजेडात लिवलंय. वाचून दाव."

"चष्मा न्हाई," बबनराव म्हणाले. चष्मा त्यांच्या नाकावर होता.

"मग कुणी शिकल्यालं वाचा," छबुबाई म्हणाल्या आणि हाताला लागली ती पहिली पोरगी पुढे ओढली. ती आरोही होती.

आरोही पाटापुढे गुडघ्यांवर बसली. तिच्या तोंडावर उजेड पडला. तिचे डोळे पहिल्या ओळीवरून दुसऱ्या ओळीवर गेले, तिथे थांबले, शेवटपर्यंत गेले आणि पुन्हा वर आले. मग तिने मान वळवून बबनरावांकडे पाहिलं. सगळं कळलं होतं तिला. महिन्यापूर्वी ज्याने तिचं मन पंचवीस माणसांत उघडं केलं, त्याचं मन तिच्यापुढे उघडं पडलं होतं आणि ऐकायला अडीचशे माणसं होती.

आरोहीने घसा साफ केला आणि वाचलं, "माणसाने दुसऱ्याच्या मनाला लागेल असं बोलू नये. आणि बोललं, तर... पुढची काच फुटलीय."

"वा वा!" गाव म्हणालं. "काय वचन हाय!" छबुबाईंनी जमिनीला डोकं टेकवलं. झालं. बबनराव वाचले. आता पानं वाहायची आणि पाटी उचलायची.

त्यांनी आपट्याची दोन पानं वाहिली. पाटीला हात घातला आणि हात तिथेच राहिला. पोरीकडे बघून हळू आवाजात म्हणाले, "खोटं कावून बोललीस?"

"तुमी माझं वाचलं तवा मला लई लागलतं आण्णा," ती तितक्याच हळू म्हणाली. "म्हणून तुमचं न्हाई वाचलं."

सात वर्षं त्यांनी गावाचे तंटे मिटवले, पण एवढ्याशा पोरीने जे केलं ते त्यांना एकदाही जमलं नव्हतं. त्यांना स्वतःची लाज वाटली, चांगली कानापर्यंत वाटली. या पोरीच्या आडोशाला उभं राहून मिशा पिळायच्या? त्यापेक्षा मिशा काढलेल्या बऱ्या.

त्यांनी पाटी उचलली, छातीशी धरली आणि समितीच्या आवाजात म्हणाले, "गप बसा समदे! पोरगी खोटं बोलली. माझी अब्रू झाकायला बोलली. हे अध्यात्म न्हाई. म्या दोन वर्सात अध्यात्माचं एक पान वाचलं न्हाई. ही एका डॉक्टरची आन् सुलेखाची गोष्ट हाय. ऐका काय लिवलंय ते." आणि त्यांनी वाचलं. सुलेखा, पोळ्या, गुणगुणणं, दाराआड उभं राहणं, सगळं खणखणीत. आवाज एकदाच कापला, "एकदा गा" म्हणताना. "नाहीतर मी आत येऊन," त्यांनी शेवटचं वाचलं आणि थांबले.

नाथाच्या हातून हलगीवर चुकून एक थाप पडली.

"आत येऊन काय?" छबुबाई म्हणाल्या.

"पान सपलं."

"मग पलट की!"

"पलटत न्हाई. नारळानं फुटलंय. कायमचं ऱ्हाणार म्हणे असंच."

एकच गलका उठला. "असं कसं? आत येऊन काय करतो?" "तिला मारत आसल." "मारत न्हाई बे, डॉक्टर हाय त्यो!" "पोळी खात आसल." "मी सांगतो, लगीन मागतो." धोंडीराम आणि बद्रीनाथ तर हमरीतुमरीवर आले. एक म्हणे लगीन मागतो, दुसरा म्हणे पोरीच्या बापाला विचारल्याबिगर कसा मागेल. बबनराव हसत नव्हते. त्यांना कुणीच हसत नव्हतं, हे त्यांच्या आत्ता कुठे ध्यानात येत होतं. उलट दहा जण त्यांचंच धोतर ओढून विचारत होते, आण्णा, आठवा की, पुढं काय असल. आणि बबनरावांना खरंच माहीत नव्हतं.

"अवो, केवढा गलका!" मंजुळाबाईंचा बारीक आवाज आला. "आत येतो, तिच्या हातातलं उलथनं घेतो आन् सहाच्या सहा पोळ्या करपीवतो."

सगळं माजघर त्यांच्याकडे वळलं. सगळ्यात शेवटी बबनराव वळले.

"तुला... कसं ठावं?"

"परवाच वाचलं की. तुमी दुपारचे रानात मोटार बघाय जाताव, तवा कधीमधी पाटी ऱ्हाती घरी. चार पानं म्होरं वाचायचे आन् तुमचं पान हुतं तिथं परत आणून ठिवायचे." पदर सारखा करत त्या म्हणाल्या, "ही तर सपीवली बी. लई रडले."

"रडलीस? कावून? कोण मेलं का?"

"सांगत न्हाई. गुमान ऐका."

बेचाळीस वर्षांचा संसार. एका छताखाली, एका पाटीवर, दोघं एकमेकांपासून चोरून एकच गोष्ट वाचत होती. बबनरावांना वाटलं, आपण किती मूर्ख, आणि त्याच दमात वाटलं, किती नशीबवान. हसू आलं ते त्यांना आवरेना. ते हसले तशी दिपालीच्या तोंडातून पदराचा बोळा सुटला, आरोही हसली आणि मग आख्खं माजघर.

हसणं ओसरल्यावर बबनराव बद्रीनाथकडे आणि धोंडीरामकडे वळले. "निकाल दसऱ्यानंतर दीन म्हणलो हुतो. आत्ताच घ्या. दोघं उद्या पोरांना घिऊन हितं या आन् लग्नाचं बोला. आन् आरोही, माझं चुकलं. चारचौघांत चुकलं, म्हणून चारचौघांत म्हणतो." बद्रीनाथ काहीतरी बोलणार होता, पण छबुबाई खेकसल्या, "ते उद्या बघा रं! पोळ्या करपल्यावर काय झालं?"

माणसं ऐसपैस बसली. कुणी चटई ओढली, कुणी भिंतीला टेकलं. पाटीच्या उजेडात मंजुळाबाई पाय दुमडून बसल्या आणि सुरू झाल्या, "तर धूर झाला. आन् ती सुलेखा..."

एवढ्या माणसांना चहा टाकावा म्हणून दिपाली उठायला लागली. बबनरावांनी तिला हाताने खाली बसवलं.

"बस गं तू, ऐक. मी टाकतो." मग बायकोकडे वळून बोट रोखून म्हणाले, "मी येईस्तवर एक अक्षर म्होरं सांगू नको. मला बी ऐकायचंय."

ते अंधारात स्वयंपाकघरात गेले. भांडी पडल्याचा आवाज आला, मग काडेपेटी ओढल्याचा, मग "साखर कुठं ठिवताव गं?" अशी हाक. माजघरात छबुबाईंनी मंजुळाबाईंच्या गुडघ्याला हात लावला. "सांग की बाई, त्यान्ला मागून सांग."

"थांबा जरा," मंजुळाबाई म्हणाल्या. "ह्यांना येऊ द्या."